थंडीतल्या खबरी

पनवेलला थंडी पडते असं म्हटलं की नाशिक-नगरकडचे मित्र हसतात. हसू देत. आमच्याकडे पाणी गोठत नाही आणि दुपारी बारा वाजता शर्टाची वरची दोन बटणं उघडावीच लागतात. पण पहाटे फजरला निघालेला माणूस कानटोपी शोधतो, पत्र्यावरून दव ठिबकतं, आणि कर्नाळ्याचा सुळका आठ वाजेपर्यंत धुक्यातून बाहेर येत नाही. तेव्हा समजायचं, थंडी आली. डिसेंबरच्या मध्यावर ती येते, जानेवारीभर राहते आणि फेब्रुवारी संपायच्या आत निघून जाते. या दोन-अडीच महिन्यांत आमच्या गावात जेवढं घडतं आणि जेवढं बोललं जातं, तेवढं बाकीच्या वर्षात नाही. पावसाळ्यात माणसं शेतात, उन्हाळ्यात सावलीत. थंडीत मात्र सगळी अंगणात असतात.

पनवेल म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर स्टेशन, एक्स्प्रेस हायवे आणि आता विमानतळ येतो. नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका २०१६ पासून. पण तालुका शहरापेक्षा मोठा आहे. आमचं गाव शहरापासून बारा-तेरा किलोमीटर आत, कर्नाळ्याच्या बाजूला. अडीचशे उंबरे असतील. त्यातले तीसेक आमचे, कोकणी मुसलमानांचे. बाकी बहुतेक आगरी, काही कुणबी, चार-दोन बौद्ध घरं, आणि वर टेकडीच्या उताराला कातकरी वाडी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांचीही नाही. खबरी शेजाऱ्यांच्या आहेत, त्यांना विचारून लिहिलेल्या नाहीत.

पहिली खबर नानांची. नाना आमचे समोरचे. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी गुडघे चालत होते तोवर चुकवली नाही. दिवाळीनंतर ओट्यावरून उतरताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, पण आता खाटेवरच. दोन्ही मुलगे शहरात राहतात, रविवारी येतात. काकी स्वतः वाकून चालतात. माझ्या चुलतभावाची बायको नर्स आहे, ती ड्युटीवर जाता जाता नानांची जखम बघून जाते. संध्याकाळी असरनंतर अब्बा जातात आणि पेपर वाचून दाखवतात. नानांना ऐकू कमी येतं, म्हणून अब्बा ओरडून वाचतात. त्यामुळे सगळ्या आळीला सकाळचा पेपर संध्याकाळी फुकटात ऐकायला मिळतो.

दुसरी खबर वालाची. यंदा आमच्या बाजूच्या शेतांत वाल जवळजवळ नाही. शहरातल्या माणसाला ही खबर वाटणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भात कापलं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर आमच्याकडे वाल होतो. पाणी द्यावं लागत नाही. खालची ओल आणि रात्रीचं दव एवढ्यावर वेल उभा राहतो. त्याच्या मुळांवर गाठी धरतात, त्या हवेतला नत्र जमिनीला देतात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यातल्या भाताची थोडी सोय आधीच होते. कार्तिकात पेरलं की जानेवारीत शेंगा. कोवळ्या शेंगा पोपटीला, जून दाणे वाळवून वर्षभराच्या बिरड्याला. आमच्या घरात कोवळ्या शेंगांत गोश्त पडतं, काकींच्या घरात सुकट. चव दोन्हीकडे तीच, किंचित कडवट. ती जिभेला लागली की दुसरीकडचा वाल खाववत नाही.

पण वालाची खरी गंमत वेगळीच आहे. वाल एकट्याने पेरता येत नाही. भात निघालं की गावाची गुरं मोकळी सुटायची. एकाने वाल पेरला आणि शेजारच्याने शेत मोकळं ठेवलं, तर गुरं मोकळ्या शेतातून शिरून पेरलेलं फस्त करणार. म्हणून भात झोडून झालं की माणसं जमायची आणि ठरायचं: अमुक बांधापासून तमुक ओढ्यापर्यंत सगळे पेरणार, गुरं त्या बाजूला सोडायची नाहीत. ही बैठक वर्षानुवर्षं नानांच्या ओट्यावर व्हायची. आमची चार गुंठे त्याच पट्ट्यात. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, त्या बैठकीला जायचे. भाषण नाही, ठराव नाही, कागद नाही. चहा व्हायचा, दोन माणसांचं भांडण व्हायचं, आणि वाल पेरला जायचा.

यंदा ती बैठक झाली नाही. नाना खाटेवर, हे एक कारण. मोठं कारण असं की पट्ट्यातली निम्मी शेतं आता शेतकऱ्यांची राहिलेली नाहीत.

त्याकडे येतो. आधी थंडीतलं बाकीचं सांगू दे.

भिजवून मोड आणलेले वाल सोलणं हे एका माणसाचं काम नाही. कोमट पाण्यात टाकून एकेका दाण्याची साल काढायची. तासाभरात वाटीभर बिरडं होतं. त्यामुळे बायका परातीभोवती चार-पाच जणी मिळून बसतात, आणि गावातली एकही गोष्ट त्या परातीतून सुटत नाही. कोणाच्या मुलीला बघायला पनवेलहून पाहुणे आले, कोणाचा मुलगा सौदीहून सुट्टीवर आला आणि परत जायचं नाव काढत नाही, कोणाची सून माहेरी गेली ती अजून आली नाही. दादी म्हणायची, वाल सोलताना हात कामात असतात म्हणून तोंडाला लाज वाटत नाही. याला कोणी चहाड्या म्हणेल. पण त्याच परातीवर हेही कळतं की कोणाच्या घरात तीन दिवस चूल नीट पेटलेली नाही. मग संध्याकाळी त्या घरी एक ताट जातं आणि ताट का आलं हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे एक हदीस बहुतेकांना माहीत असते. कालवण शिजवाल तेव्हा त्यात पाणी जरा वाढवा आणि शेजाऱ्याच्या घरी पाठवा, असा तिचा आशय. मला तिच्यातली व्यवहाराची बाजू फार आवडते. शेजाऱ्यावर प्रेम करा, असं तिथे म्हटलेलं नाही. प्रेम सगळ्यांनाच जमतं असं नाही. पाणी वाढवणं मात्र कोणालाही जमेल. आणि शेजारी कोण, त्याचा धर्म कोणता, हे विचारून पाणी वाढवा, असंही तिथे नाही.

आता ताटांचा हिशेब. आमच्या गावात सगळ्यांचं सगळ्यांकडे चालत होतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दादीच्या तरुणपणी आमच्या घरचा चहा समोरच्या घरात चालत नसे. त्यांच्याकडे मयत झाली, चूल बंद असली, की दादी दूध आणि साखर पाठवायची, चहा त्यांच्या भावकीतली बाई करायची. अम्मीच्या काळात चहा तयार होऊन जाऊ लागला. आता भातही जातो. हा बदल व्हायला चाळीस वर्षं लागली आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. दूध पाठवणं दादीने अपमान मानून बंद केलं असतं, तर चहाची पाळी आलीच नसती.

आमच्याकडे मयत झाली की मशिदीच्या भोंग्यावर एलान होतं. तो आवाज ऐकला की समोरच्या आळीत टीव्ही बंद होतो. कोण गेलं हे विचारायला काकी दारात येतात. कबर खोदायला आमची मुलं जातात, बांबू कुणब्यांच्या बेटातून येतो आणि त्याचे पैसे आजवर कोणी घेतलेले नाहीत. जनाजा निघाला की आगरी शेजारी कबरस्तानाच्या फाटकापर्यंत येतात आणि तिथे उभे राहतात. आमची माणसं त्यांच्या अंत्ययात्रेत स्मशानाच्या वळणापर्यंत जातात. कुठपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

थंडीत सण एकमेकांच्या पायात येतात. आमचा महिना चंद्राचा, त्यामुळे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि तेहेतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंना भेट देऊन येतात. यंदा थंडीच्या वाट्याला शब-ए-बरात आली आहे, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे चौदा जानेवारीला तिळगूळ आला, आठवड्याभराने माघी गणपतीचा प्रसाद आला, आणि आता आमच्याकडून चण्याच्या डाळीचा हलवा जाईल. डिसेंबरात माहीमचा मेळा झाला. मखदूम अली माहिमी हे पंधराव्या शतकातले मोठे आलिम, आम्हा कोकणी मुसलमानांचे आपले. मेळा मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होतो. मोहल्ल्यातल्या बायका गाडी करून जातात आणि परत येताना माहीमचा हलवा आणतात, त्या पातळ चौकोनी पट्ट्या. काकींना तो फार आवडतो. दातांचा प्रश्न नाही, असं त्या म्हणतात.

आणि पोपटी. रायगडातली थंडी पोपटीशिवाय पुरी होत नाही. ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी: मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्डीचा पाला. हा पाला थंडीत बांधांवर, पडीक जागी आपसूक उगवतो, त्याचा वास उग्र असतो आणि पोपटीचा अर्धा जीव त्या वासात आहे. पाल्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्रकन उडालं की झाली. तोवर सगळे जाळाभोवती उभे, पुढून भाजतायत, मागून कुडकुडतायत, आणि तोंडं चालू.

आमच्या पोपटीत दोन मडकी लागतात. नवीन माणसाला वाटतं, एक हिंदूंचं, एक मुसलमानांचं. तसं नाही. कोंबडी आमच्या घरून हलाल होऊन जाते, ती सगळ्यांना चालते. दुसरं मडकं नानांसाठी आणि त्यांच्यासारख्या माळकऱ्यांसाठी. त्यात फक्त शेंगा, बटाटे, रताळी. लहानपणी आम्ही पोरं नानांच्या मडक्याभोवती जास्त असायचो, कारण कोंबडीचा रस नसल्यामुळे त्यातली रताळी कोरडी आणि गोड व्हायची. नाना म्हणायचे, माळ घाला आणि मग खा.

यंदाची पोपटी शेतात झाली नाही. नानांना नेणार कसं? म्हणून नानांच्या अंगणातच केली. चौघांनी खाट उचलून ओट्यावर आणली, धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला ठेवली. वाल पेणच्या बाजारातून विकत आणले. पेंढा शोधावा लागला, कारण आता गुरं फारशी कोणाकडे नाहीत आणि गुरं नसली की पेंढा कोण साठवणार, गोवऱ्या कोण थापणार? भांबुर्डी तेवढी फुकट मिळाली. नानांनी खाटेवरून सूचना देऊन आम्हा सगळ्यांना वैताग आणला. पेंढा डावीकडे कमी आहे, वारा फिरलाय, पाणी आत्ता नको. त्यांचं सगळं बरोबर निघालं.

मधेच डोक्यावरून विमान गेलं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मुलांना अजून त्याचं अप्रूप आहे. नानांनी अब्बांना विचारलं, हे कुठे जातं? अब्बांनी ओरडून सांगितलं, माहीत नाही. नाना म्हणाले, मग पेपर काय वाचतोस?

याच नानांची एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईचे आमचे नातेवाईक जमेल तसे गावाकडे आले. आमच्या चार खोल्यांच्या घरात अकरा माणसं वाढली. आम्ही पोरं खूश, शाळेला दांडी आणि खेळायला सोबती. मोठी माणसं हळू बोलायची. त्या जानेवारीत नानांनी आमच्या घराच्या कोपऱ्यावर, जिथून रस्ता आळीत वळतो, तिथे रोज रात्री शेकोटी लावायला सुरुवात केली. इशाची नमाज झाली की जाळ पेटायचा, तो पहाटेपर्यंत. त्यांच्याबरोबर दोन-तीन माणसं असायची, पाळीपाळीने. दादांनी एकदा विचारलं, हे कशासाठी? नाना म्हणाले, यंदा थंडी फार आहे. त्या वर्षी थंडी नेहमीसारखीच होती. त्या शेकोटीवर पुढे कधी कोणी बोललं नाही, ना त्यांनी, ना आम्ही. मी तिचा अर्थ कॉलेजात गेल्यावर लावला.

आता मी विचार करतो तो वेगळा. नानांनी ती शेकोटी कशामुळे लावली? ते काही थोर विचार वाचून आले नव्हते. मुसलमानांविषयी त्यांची मतं मी ऐकली आहेत, सगळीच ऐकून बरं वाटावीत अशी नव्हती. पण पट्ट्यात वाल पेरायचा तर दादांची चार गुंठे लागत होती. कबरीचा बांबू त्यांच्यासमोर उचलला जात होता. दादीचं दूध त्यांच्या सुतकात येत होतं. एवढी वर्षं रोजची देवघेव झाल्यावर कोपऱ्यावर बसायला वेगळं धैर्य गोळा करावं लागलं नसेल. शेजार ही सवय आहे. सवय कामातून लागते, आणि वेळ येते तेव्हा हात सवयीने हलतात.

म्हणूनच वालाच्या पट्ट्याचं जाणं मला नुसतं हळहळण्यासारखं वाटत नाही, त्याची भीती वाटते.

जमिनीची गोष्ट इथल्या माणसाला नवी नाही. १९७० ला सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन घेण्याचं ठरलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. तोही थंडीचाच महिना. दर वर्षी या दिवसांत हुतात्म्यांना अभिवादन होतं, नाना अंगात बळ होतं तोवर जात. मग विमानतळ आला, ११६० हेक्टर. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. २०१३ पासून विमानतळाभोवतीच्या गावांवर ‘नैना’ची आखणी आली. आमच्या बाजूला आखणीच्या आधी दलाल आले. कोणी विकलं, कोणी अडून राहिलं, कोणी विकून पस्तावलं. नानांच्या मुलांनी गेल्या वर्षी पट्ट्यातला मोठा तुकडा दिला. त्यांना दोष देणार नाही. भाताने मुलांची फी भरत नाही, आणि आमचीही दोन गुंठे गेली आहेत.

विकलेल्या शेताला आधी तारेचं कुंपण पडतं, मग पाटी लागते, मग वर्षानुवर्षं काही होत नाही. गवत वाढतं, भटकी गुरं शिरतात. शेजारी ज्याचं शेत शिल्लक आहे, त्याला वाल पेरता येत नाही. बैठक कोणाशी घेणार? कुंपणाच्या मालकाचा ओटा कुठे आहे, हे कोणाला ठाऊक नाही.

शेत विकलं की माणूस शहराकडे सरकतो. माझा धाकटा भाऊ आणि नानांचा धाकटा मुलगा एका वर्गात होते. दोघांनी तीन वर्षांपूर्वी फ्लॅट बघायला सुरुवात केली, एकाच मोटरसायकलवरून. एका नव्या इमारतीत दोघांना पसंत पडला. एकाच मजल्यावर समोरासमोर घेऊ, असं ठरलं. फॉर्म भरताना माझ्या भावाने नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की समोरचा फ्लॅट कालच गेला. खालच्या मजल्यावरचा? तोही गेला. पंधरा दिवसांनी नानांच्या मुलाने दुसऱ्याच्या नावाने विचारलं, तेव्हा तिन्ही मजल्यांवर शिल्लक होते. इमारतीचं नाव लिहीत नाही. अशा इमारती तुम्हालाही माहीत आहेत, वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यांच्या दारातून परत आले असतील.

नानांच्या मुलाने फ्लॅट घेतला. कर्ज मंजूर झालं होतं, मुलांची शाळा जवळ होती. भावाने तळोज्याला घेतला, जिथे आमची माणसं जास्त आहेत. दोघांची दोस्ती आहे, फोन होतात, ईदला तो येतो. पण दोघांची मुलं वेगवेगळ्या जगात वाढतायत. त्या मुलाच्या इमारतीत एकही मुसलमान घर नाही. माझ्या पुतण्याच्या मजल्यावर सगळी आमचीच. पुतण्याला माळकरी म्हणजे काय हे यंदा पोपटीला कळलं, तेव्हा तो नऊ वर्षांचा आहे. नानांच्या मुलाच्या फोनवर आमच्याविषयी काय काय येतं, याची मला कल्पना आहे. माझ्याही फोनवर त्यांच्याविषयी तसलंच येतं, पाठवणारे आपलेच असतात. फोनवर आलेली खबर तपासायला ज्याला समोरचा ओटा आहे, तो हसून सोडून देतो. ज्याला ओटा नाही, त्याने कुठे तपासावी?

आणखी एक खबर राहिली, जी परातीवर येत नाही. दिवाळी झाली की आमच्या कातकरी वाडीतली निम्म्याहून जास्त घरं बंद होतात. मालकाची उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतं. आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हजेरीपटावर नावं असतात, बाकावर मुलं नसतात. थंडीचे जे दिवस आमच्यासाठी पोपटीचे, ते त्या मुलांचे भट्टीजवळ उघड्यावर झोपायचे. पूर्वी मोळी विकायला, खेकडे द्यायला वाडीतल्या बायका दारोदार यायच्या, तेव्हा कोण आजारी, कोण बाळंतीण, हे कळायचं. आता गॅस आला, मोळी बंद झाली. येणं बंद झालं तशी खबरही बंद झाली. गावात राहूनही माणूस शेजारी उरत नाही, तो असा.

आपाने यंदा एक केलं. वाडीतलं एक कुटुंब ज्या भट्टीवर आहे, ती आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. रविवारी ती आणि नानांची मोठी नात, दोघी स्कूटरवरून तिथे जातात. पाटी-पुस्तकं नेतात, तास-दीड तास मुलांना घेऊन बसतात. मालक सुरुवातीला कुरकुरला, आता खुर्ची देतो. त्याने फार मोठं काही बदलेल असं आपाही म्हणत नाही. पण परत येताना त्या वाडीच्या खबरी आणतात. मागच्या रविवारी कळलं की तिथल्या एका मुलीला खोकला सुटत नाही. सोमवारी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. कालवणात पाणी वाढवायचं ते एवढंच.

माझं म्हणणं इतकंच आहे. शेत गेलं, गुरं गेली, मोळी गेली, आणि त्यांच्याबरोबर एकमेकांच्या दारात जायची कारणंही गेली. सलोख्याच्या सभांना माझा विरोध नाही, पण सभेला माणूस वर्षातून एकदा जातो. सवय लागायला रोजचं काहीतरी लागतं. जुनी कारणं परत येणार नाहीत, तेव्हा नवी शोधावी लागतील. अब्बांचा पेपर हे एक कारण. जखमेची पट्टी हे एक. स्कूटरवरची पाटी-पुस्तकं हे एक. इमारतीत राहणाऱ्यांना दुसरी सापडतील, सापडेपर्यंत जिन्यात थांबून दोन शब्द बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

रमजान यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येईल, थंडी जाता जाता. पुढच्या वर्षी आणखी अलीकडे. २०२८ ला तो जानेवारीच्या अखेरीला सुरू होईल, आणि २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. आमच्या लहानपणी, १९९६-९७ च्या सुमाराला, तो असाच भर थंडीत होता. तेव्हा पोपटी मगरिबच्या हिशेबाने लावली जायची. नाना घड्याळ बघून पेंढा पेटवायचे, म्हणजे अजान झाली, खजूर तोंडात टाकला, नमाज झाली की मडकं फुटायला तयार. नानांना हे मी परवा सांगितलं, की दोन वर्षांनी पुन्हा तसंच येणार. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, तोवर मी असलो तर माझं मडकं वेगळं लावा, नसलो तरी लावा, पोरांना रताळी आवडतात.

म्हणजे वेळ ठरली, मडकी दोन हेही ठरलं. वाल पेरायचा, तर यंदाच्या कार्तिकात कोणाच्या तरी ओट्यावर बैठक घ्यायला हवी. अब्बा म्हणतात, आपल्या ओट्यावर घेऊ.